सिस्टरबाईंची पाळणाखरेदी: तालुक्याच्या गावातील एका दुकानाविषयी

दुकानाला पाटी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा भागात, तालुक्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आरामशीनच्या भिंतीला लागून असलेल्या या दुकानाला पंचक्रोशीतले लोक ‘पाळणेवाले’ एवढेच म्हणतात, आणि तीन पिढ्या सुतारकी करणाऱ्या त्या घराला पाटी लावण्याची गरज अजून वाटलेली नाही. मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी तेथून सागवानी पाळणा आणि बाळंतविड्याचे बहुतेक सामान घेतले. बाळ आता तीन महिन्यांचे झाले असून त्याच पाळण्यात झोपते, त्यामुळे दुकानाविषयी चार शब्द खात्रीने लिहिता येतील असे वाटते.

माझ्या बाजूची एक गोष्ट वाचकांना आधीच सांगणे योग्य होईल. मी तेहेतीस वर्षे आरोग्य सेविका होते. १९८६ साली उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हापासून ‘पाळणा लांबवा, पाळणा थांबवा’ हे घरोघर जाऊन सांगणे हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. दुकानाच्या मालकांना मी काकाजी म्हणते. वयाने ते पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. मला पायरी चढताना पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “सिस्टरबाई, आमचा धंदा तुमीच बुडवला, अन् आता पाळना घ्यालेबी तुमीच आल्या!” सगळे हसले, मीही हसले. पण त्यांचे म्हणणे खरे नाही, आणि ते का खरे नाही हे दुकानात तासभर बसल्यावर मला माझ्या पात्र जोडप्यांच्या (म्हणजे मूल होण्याच्या वयातील जोडप्यांच्या) नोंदवहीपेक्षा अधिक स्पष्ट दिसले.

माल काय आहे ते आधी सांगते. दर्शनी भागात पूर्वी आडजात लाकडाचे, हिरव्या-तांबड्या रंगाचे साधे पाळणे एकात एक घालून ठेवलेले असत. त्या जागी आता डायपरच्या थप्प्या, जाळीचे घडीचे पाळणे, बाबागाड्या, वॉकर आणि विजेवर आपोआप हलणारा एक पाळणा आहे. सागवानी पाळणे आतल्या खोलीत आहेत, तेही चार-पाचच. बाळंतविड्याचे सामान मात्र जुन्या पद्धतीचे आणि चांगले मिळते: मऊ सुती दुपटी, अस्तर लावलेली कुंची, टोपडी, कापडी चिमण्यांचे चिमणाळे, काळ्या मण्यांच्या मनगट्या. अळीव, डिंक आणि बाळंतशेपाही बरणीतून वजन करून देतात. दुपट्यांचे कापड तीन महिन्यांत अनेकदा धुऊनही विरलेले नाही आणि शिवण कोठे टोचत नाही. या बाबतीत मी दुकानाला पैकीच्या पैकी गुण देईन.

काकाजींच्या तक्रारीला उत्तर त्या मालातच आहे. पूर्वी एका घरात एक पाळणा येई, त्यात पाच-सहा लेकरे वाढत, मग तो नणंदेकडे जाई, तिच्याकडून जावेच्या बहिणीकडे. “पाळना घरी परत येये तवा त्याच्या चारी पायाचे रंग येगयेगळे रायत,” असे काकाजी स्वतःच सांगतात. म्हणजे लेकरे भरपूर असली तरी विक्री एकाच पाळण्याची होई, तीही दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती आल्यावर आणि बऱ्याचदा उधारीवर. आता ज्या घरात एकच लेकरू येते त्या घराला मागून आणलेला पाळणा चालत नाही. नवा पाहिजे, जाळी पाहिजे, गादी पाहिजे, खाली चाके पाहिजेत. ज्या बाळाला पहिले झबले कोणाचे तरी जुने घालण्याची रीत आमच्याकडे होती, त्याच्यासाठी जन्माआधी सहा नवे जोड शिवून तयार असतात. दुकानाचा मागचा भाग गेल्या काही वर्षांत पक्का बांधला गेला, हे मी पाहिले आहे. धंदा बुडालेला नाही. पूर्वी सहा लेकरांवर मिळून जेवढा खर्च होत असे त्याहून अधिक आता एकावर होतो, आणि लेकरे कमी का होतात या प्रश्नाचे निम्मे उत्तर याच वाक्यात आहे.

उरलेल्या निम्म्याची सुरुवात दुकानाच्या एका जुन्या सवयीतून होते, जी मला या दुकानाची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. आमच्याकडे बाळ जन्मण्याआधी पाळणा घरी आणत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक आधी येऊन पाळणा पसंत करते, इसार देते आणि बाळंतपण सुखरूप झाल्याचा निरोप आला की काकाजींचा मुलगा छोट्या टेम्पोतून पाळणा घरपोच करतो. दुर्दैवाने काही वाईट घडले तर इसार परत मिळतो आणि काही विचारले जात नाही. मी मुद्दाम विचारले, असा इसार परत किती वेळा द्यावा लागतो? काकाजींनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळी हा प्रसंग दर हंगामात येई, त्यांच्या स्वतःच्या उमेदीत वर्षातून कधीतरी, आणि अलीकडे शेवटचा कधी आला ते त्यांना आठवून सांगावे लागले.

१९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले होते आणि महाराष्ट्रात त्याहूनही कमी होते. माझ्या सासूबाईंची आठ बाळंतपणे झाली व पाच लेकरे जगली. त्या पिढीतील बाई ‘दोनावर थांबा’ असे ऐकून घेत नसे, यात तिचे अज्ञान नव्हते. दोनांतले किती राहतील याचा तिला अनुभव होता. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि त्यातून बालमृत्यू किती खाली येतो हे १९९९ साली जगापुढे मांडले. हे काम आपण बालकांचे जीव वाचवणारे म्हणून ओळखतो. पण बाळ जगेल असा भरवसा आला की आईच ‘आता पुरे’ म्हणते, हे मी उपकेंद्रावर बसून शेकडो वेळा ऐकले आहे. इसाराचे पैसे परत द्यावे लागत नाहीत म्हणून पाळणे कमी लागतात, असे थोडक्यात म्हणता येईल.

त्या दिवशी दुकानात एक जोडपे आले होते, सोबत दोन वर्षांचा मुलगा. ते पाळणा घ्यायला आले नव्हते. मुलासाठी तीनचाकी सायकल पाहत होते आणि तिची किंमत ऐकून नवरा बाहेर जाऊन बिडी ओढून आला. सायकल घेतलीच. बोलता बोलता मी सवयीने विचारले, “दुसऱ्याचा विचार?” त्यावर तो म्हणाला, “आमी चौघं भाऊ, बाई. बापाच्या बारा एकराचे तीन-तीन झाले. आता तीनाचे दीड कराले याले भाऊ आनू काय?” बायको काही बोलली नाही, पण तिने सायकलच्या पावतीवर नाव कोणाचे लिहायचे ते सांगितले. मुलाचे.

या माणसाने जे एका वाक्यात सांगितले तेच कृषिगणनेत आहे. महाराष्ट्रातील एका खातेदारामागचे सरासरी वहितीखालचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. शेत मोठे होते आणि कामाला हात लागत होते तोवर लेकरू हे घरात येणारे मनुष्यबळ होते. सात-आठ वर्षांचा पोरगा गायकी म्हणजे गुरे राखण्याचे काम करी, पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन आईला वेचणीला मोकळी करी, आणि बोंडे फुटली की सगळे घर पाठीला झोळ्या बांधून कापसात उतरे. आता तणनाशकाने निंदण कमी केले, गुरे विकली गेली आणि लेकरू सकाळी सातला ‘कॉन्व्हेंट’च्या व्हॅनमध्ये बसते. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिचा कोणत्याही मठाशी संबंध नसला तरी. व्हॅनचे भाडे, शाळेची फी, दोन गणवेश, शिकवणी, पुढे अकरावीला यवतमाळ किंवा अमरावतीची खोली: हा सगळा खर्च कोरडवाहू कापूस आणि सोयाबीनवर एका लेकराचा कसाबसा निघतो, दोघांचा निघाला तर सावकाराच्या वहीत निघतो. लोकांना लेकरे नकोशी झाली आहेत असे मला कधीच वाटले नाही. त्या माणसाने सायकल ज्या चेहऱ्याने उचलली तो चेहरा नकोशी झालेल्याचा नव्हता.

आता माझ्या खात्याविषयी, कारण काकाजींचा आरोप खात्यावरही होता. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हाला कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट असे. मार्च जवळ आला की आम्हीच नव्हे तर शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी सगळे ‘केस’ शोधत फिरत, आणि एकाच बाईवर दोघे-तिघे हक्क सांगत. १९९६ साली ही उद्दिष्टे काढून टाकण्यात आली. तेव्हा आमच्यातील अनेकांना वाटले की आता घरोघर पुन्हा सहा-सहा लेकरे होणार. तसे काही झाले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.८६ मुले होती. २०१९-२१ मध्ये ती १.७ झाली. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या आहे तेवढी राहण्यासाठी हा आकडा २.१ च्या आसपास लागतो. म्हणजे उद्दिष्टे गेल्यानंतरही उतार थांबला नाही. साधने आणि शस्त्रक्रिया आम्ही दिल्या, त्यांचे मोल मी कमी करणार नाही. पण बाई आमच्याकडे येईपर्यंत निर्णय घरी झालेला असे. आम्ही दार लावून घेणारे होतो, दाराकडे चालत येण्याचे कारण दुसरे होते.

दार लावून घेण्याचे काम मात्र जवळजवळ सगळे बायकांवर पडले, हे येथे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते; त्या सक्तीची दहशत अशी बसली की दहा वर्षांनी मी गावात गेले तरी नसबंदी हा शब्द ऐकून पुरुष शेताची वाट धरत. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते, टाका लागत नाही, दोन दिवसांत माणूस हलक्या कामाला लागतो. हे मी किती जणांना सांगितले त्याला गणती नाही. उत्तर बहुतेक वेळा त्याच्या आईकडून येई.

दुकानातले आणखी एक निरीक्षण काकाजींच्या सुनेचे आहे. ती गल्ल्यावर बसते आणि फार कमी बोलते. तिने सांगितले की पहिल्या लेकरासाठी, मुलगा असो वा मुलगी, लोक सारखाच खर्च करतात. दुसऱ्या वेळी मात्र मुलगा झाला तर नवी खरेदी होते आणि मुलगी झाली तर ‘पहिलाच पाळणा आहे’ असे सांगून लोक फक्त डायपर नेतात. कुटुंब लहान झाले, पण एक तरी मुलगा हवा हा आग्रह त्याच्याबरोबर लहान झाला नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या आणि २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ पासून आहे. लेकरे कमी झाली की स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारते असे आम्हाला प्रशिक्षणात सांगत. ते सांगणाऱ्यांना मी या गल्ल्यावर अर्धा दिवस बसवीन.

तरी फरक पडला आहे, आणि तो मुलींच्या लग्नाच्या वयात पडला आहे. माझे लग्न अठराव्या वर्षी झाले, माझ्या मुलीचे सत्ताविसाव्या. ती अमरावतीला बँकेत नोकरी करते. शिकलेल्या मुलीला आता कोरडवाहू शेतकरी नवरा नको असतो, आणि त्यामुळे आमच्या गावात पस्तिशीला टेकलेली, स्वभावाने चांगली, निर्व्यसनी मुले बिनलग्नाची राहिलेली आहेत. लेकरे कमी होण्याच्या चर्चेत त्यांना कोणी धरत नाही. काकाजींनी मात्र धरले: “पाळना विकाले पयले लगन तं व्हाले पायजे, बाई.”

सरकारने ठरवून लेकरे फारशी वाढत किंवा कमी होत नाहीत, असेच दिसते. दक्षिण कोरियाचे सरकार कित्येक वर्षे लोकांना लेकरे व्हावीत म्हणून पैसे देत आहे, तरी तेथे २०२३ साली एका स्त्रीमागे मुलांचा आकडा ०.७२ पर्यंत घसरला होता. चीनने एक मूल धोरण २०१६ पासून सोडले, तरी तेथील जन्मांतली वाढ टिकली नाही. आमच्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि त्या नियमाने काही इच्छुक सरपंचांना घरी बसवले हे खरे. पण तिसरे नको म्हणणाऱ्या ज्या बायका माझ्याकडे आल्या त्यांतल्या एकीनेही निवडणुकीचे नाव काढले नव्हते.

दुकानाकडे परत येते. दोष सांगितले नाहीत तर हे लिहिणे एकांगी होईल. पहिला आणि मोठा दोष म्हणजे दुधाच्या बाटल्या दर्शनी भागात मांडलेल्या आहेत आणि त्यांच्यावर ‘दोन घेतल्यास सूट’ अशी चिठ्ठी आहे. अशा बाटल्यांची जाहिरात आणि भलामण करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावर पाजले पाहिजे. शिवाय तोवर बाईची पाळी सुरू झालेली नसेल तर त्या पाजण्यानेच पुढचा पाळणा लांबतो, हे आमचे सर्वांत जुने आणि फुकटचे साधन आहे. मी काकाजींच्या मुलाला हे समजावून सांगितले. त्याने चिठ्ठी काढली, बाटल्या तेथेच ठेवल्या. दुसरे म्हणजे वॉकर. त्याने लेकरू लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून कोसळते. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. एकुलत्या एका लेकरासाठी जे जे दिसेल ते घ्यायचे, या वृत्तीचा फायदा येथे घेतला जातो. विजेच्या पाळण्याविषयी इतकेच म्हणेन की आमच्या गावी वीज ज्या वेळी असते त्या वेळी बाळ सहसा जागे असते.

पाळण्याची किंमत साडेसहा हजार सांगितली. लाकूड खरोखर सागवान आहे, सांधे नीट बसवलेले आहेत, कड्या जाड पितळेच्या आहेत आणि हलताना आवाज होत नाही. पॉलिशचा वास मात्र आठवडाभर गेला नाही, म्हणून बारशाच्या दिवशी आम्ही पाळणा फक्त नावापुरता वापरला आणि बाळाला साडीच्या झोळीतच निजवले. पाळणा नेण्याच्या आधी किमान पंधरा दिवस पॉलिश करून ठेवायला सांगावे. पक्की पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे जाऊ नये. काकाजी गर्दीत असतात आणि आतल्या खोलीतले पाळणे दाखवण्याचा त्यांना कंटाळा येतो.

घासाघीस चालते, पण फार नाही. आम्ही गेलो तेव्हा मुलीला आठवा महिना होता. ती स्टुलावर बसून सगळे ऐकत होती. भाव कमी करण्याऐवजी काकाजींनी जुनी सवलत पुढे केली: पाळणा जपून ठेवा, दुसऱ्या लेकराच्या वेळी आणून द्या, पॉलिश आणि दोऱ्या फुकट करून देतो. ही सवलत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली आहे आणि पूर्वी लोक ती तिसऱ्या-चौथ्या वेळेलाही मागत. मुलीने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “काकाजी,” ती म्हणाली, “ते पॉलिश राहू द्या, त्याचे दोनशे आत्ताच कमी करा.”

त्यांनी दीडशे कमी केले.